पाट्या संपेपर्यंत

हॉल रिकामा करण्यात गेटबाईंचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. चारशे ऐंशी खुर्च्या, दोन दरवाजे, आणि एक खेळ सुटल्यापासून दुसरा भरेपर्यंत बारा मिनिटं. तेवढ्यात माणसं बाहेर काढायची, सांडलेलं झाडून घ्यायचं, विसरलेल्या छत्र्या गोळा करायच्या आणि कोपऱ्यात कुणी झोपलेलं असेल तर त्याला सिनेमा संपल्याची बातमी द्यायची. सव्वीस वर्षांत बाईंनी याचं शास्त्र बनवलं होतं. शेवटी पडद्यावर नावं वर सरकायला लागतात, त्यांना थिएटरात पाट्या म्हणतात. पहिली पाटी दिसली की बाई दरवाज्याचा बोल्ट खाडकन ओढत. तो आवाज ऐकून वर केबिनमधला ऑपरेटर दिवे लावी. पाचव्या-सहाव्या पाटीला मशीन बंद. प्रेक्षक या आवाजाला इतके सरावले होते की बोल्ट वाजताच डोळे पुसत पुसत उठत आणि उरलेलं रडणं जिन्यापर्यंत उरकून घेत. साडेतीन मिनिटांत हॉल मोकळा. मॅनेजर हे दृश्य पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणी, काही लोक आपल्या कुत्र्याला पाहुण्यांशी हात मिळवायला लावतात तसं.

पाट्यांमध्ये कोण असतं याचा बाईंनी कधी विचार केला नव्हता. असतील कुणीतरी, दिवे धरणारे, दाढ्या चिकटवणारे. त्यांच्या घरचे बघतील.

अशात तो सिनेमा लागला.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, नदीच्या वरच्या अंगाला, सरहद्दीपलीकडे, अकरा आठवड्यांत एका जमातीची माणसं याद्या करून मारली गेली होती. याद्या सरकारी कागदावर होत्या, नीट टाइप केलेल्या, समास सोडून. एवढी वर्षं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आता त्यावर सिनेमा निघाला, त्याला तीन बक्षिसं मिळाली, आणि शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांना त्या माणसांबद्दल एकाएकी फार वाईट वाटायला लागलं. शुक्रवार ते गुरुवार, एकच आठवडा. तेवढ्यात ज्याला वाईट वाटून घ्यायचं असेल त्याने घ्यावं, कारण गुरुवारी संध्याकाळपासून भुतांचा विनोदी सिनेमा येणार होता आणि त्याचं बुकिंग आधीच जोरात होतं.

सिनेमाबरोबर एक प्रसिद्धीवालाही आला. चाळिशीचा, केस मागे बांधणारा, प्रत्येकाला 'डिअर' म्हणणारा. त्याने लॉबीत एक काळी पेटी ठेवली, शेजारी कार्डांचा गठ्ठा आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. वर लिहिलं होतं: आपली प्रतिक्रिया आम्हाला मोलाची आहे. खेळ सुटला की पेटी उघडून चांगली कार्डं वेगळी काढायचं काम साहजिकच गेटबाईंच्या गळ्यात पडलं. त्यांना वाचता येत होतं हीच त्यांची चूक.

लोकांनी हात आखडता घेतला नाही. पहिल्या दिवशीच सत्तर कार्डं. 'हेलावून गेलो.' 'मुळापासून हेलावून गेलो.' 'हेलावून गेलो, पण कत्तलीच्या वेळी एसी बंद होता.' एका गृहस्थाने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की एवढ्या गंभीर विषयाला एखादं तरी गाणं हवं होतं. एका आईची तक्रार होती की अधिकाऱ्याच्या भूमिकेत देखणा नट घेतल्याने मुलीवर भलताच परिणाम झाला. कुणी नदीचं चित्रण कुठं केलं ते विचारलं होतं आणि तिथं राहायची सोय आहे का तेही. स्वच्छतागृहातल्या साबणाबद्दल नऊ जणांनी लिहिलं. कुणी काहीही म्हणो, साबणाबद्दलचं दुःख अगदी आतून आलेलं होतं.

मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी शाळेच्या पटांगणातला प्रसंग होता. यादीतली नावं पुकारतात आणि माणसं एकेक करून भिंतीकडे जातात. हॉलमध्ये हुंदके ऐकू येत. मग दिवे लागत आणि कँटीनसमोर रांग लागे. कँटीनवाल्याचा अनुभव असा की हाणामारीच्या सिनेमाला लोक छोटा पुडा घेतात, प्रेमाच्या सिनेमाला मधला, आणि या सिनेमाला सगळे मोठाच घेत होते. "पोट खपाटीला जातं हो माणसाचं असलं बघून," तो कळवळून सांगायचा आणि दुसरं मशीन चालू करायचा.

तिकीट फाडून घेता घेता लोक बाईंना विचारत, शेवट चांगला आहे ना? बाई म्हणत, चांगला आहे, वेळेवर संपतो.

आता गंमत अशी की गेटबाई त्याच जमातीच्या होत्या.

आठ वर्षांच्या असताना आत्याने त्यांना आणि आतेभावाला नदीच्या अलीकडे आणलं होतं. बाकीचे मागून येणार होते. थिएटरात हे कुणालाच माहीत नव्हतं. सुरुवातीला सांगितलं नाही, कारण तिकडच्या माणसांना कुणी भाड्याने खोली देत नसे. लग्न ठरताना नवऱ्याला सांगितलं. तो बसच्या डेपोत मेकॅनिक. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बरं म्हणाला, आणि नट आवळून ठेवावा तसा तो विषय जागच्या जागी घट्ट करून टाकला. त्याच्या परीने तो प्रेमच करत होता. लेकीला सांगायचं राहूनच गेलं. आधी ती लहान होती, मग तिच्या परीक्षा, मग बँकेतली नोकरी. पंचवीस वर्षं लोटली की साधी गोष्टसुद्धा लपवल्यासारखी दिसायला लागते, आणि ही काही साधी गोष्ट नव्हती.

लेक शनिवारी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर सिनेमा बघून आली. जेवताना म्हणाली, "आई, तू बघू नकोस गं. फार डिप्रेसिंग आहे. आपला काही संबंध नाही तरी मला कसंतरीच झालं." नवऱ्याने मान वर केली नाही. बाईंनी तिच्या ताटात आणखी भात वाढला.

बाईंनी तो तसाही बघितला नव्हता. दारावरच्या माणसाला सिनेमा तुकड्यांनीच दिसतो. उशिरा येणाऱ्याला टॉर्च दाखवताना दोन मिनिटं, लहान मूल बाहेर नेणाऱ्या आईला दार उघडताना एक मिनिट. एवढ्यात दिसायचं ते दिसलं होतं. सिनेमातली नदी निळी होती. बाईंच्या आठवणीतली मातकट होती, पण निळी जास्त लोकांना आवडते, त्याला काय करणार.

रविवारी सकाळी आतेभावाचा फोन आला. तो दूरच्या देशात, एका बेकरीत. वर्षातून दोनदा फोन करायचा आणि आपल्या गुडघ्यांबद्दल बोलायचा. या वेळी गुडघ्यांचं नाव न काढता त्याने सरळ सांगितलं. हाच सिनेमा त्याने तिकडे बघितला. सगळे उठून गेले, पण याचा पाय बधिर झाला होता म्हणून हा बसून राहिला. आधी मेलेल्यांची नावं येतात, चारेक मिनिटं. नावं संपली की खरे फोटो येतात, कुठल्याशा कचेरीच्या पेट्यांमधून सापडलेले. त्यातला एक होडीवाल्यांचा आहे.

"त्यात मामा आहेत," तो म्हणाला.

बाईंकडे वडिलांचा एकही फोटो नव्हता. चेहराही आठवत नव्हता. हात आठवत होते, आवाज थोडासा, आणि ओल्या दोरखंडाचा वास. चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड होता, उन्हाकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी असतो तसा. त्यांनी विचारलं, कसे दिसतात रे?

आतेभाऊ म्हणाला, "तूच बघ. मी सांगितलं तर तुला माझा मामा दिसेल, तुझा बाबा नाही दिसायचा." मोबाइल काढून फोटो घ्यायचं त्याला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला तर तिथला सिनेमा उतरला होता.

म्हणजे बाईंना करायचं होतं ते एवढंच: गुरुवारच्या आत, पाट्या संपेपर्यंत स्वतःच्याच थिएटरात थांबायचं. आणि त्या थिएटरात पाट्या कधी संपतच नव्हत्या, कारण बाईंनी त्या सव्वीस वर्षं संपू दिल्या नव्हत्या.

सोमवारी त्यांनी बोल्ट ओढलाच नाही. काहीही फरक पडला नाही. प्रेक्षक सवयीने उठले आणि आतून दार ढकलू लागले. ऑपरेटरने सवयीने दिवे लावले. एका म्हाताऱ्याचं बोट दारात चेमटलं आणि त्याने कार्डावर लिहिलं की सिनेमा चटका लावणारा आहे, आणि दारही.

मंगळवारी त्या केबिनचा लोखंडी जिना चढून ऑपरेटरकडे गेल्या. हा माणूस तिसाव्या वर्षापासून एकटा त्या खोलीत बसून शब्दकोडी सोडवत होता आणि जगाबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. पाट्या पुऱ्या चालू द्याल का, असं विचारल्यावर त्याने चष्म्यावरून बघितलं.

"गेटबाई, पाट्या बघून आजवर कुणाचं भलं झालंय?"

बाई म्हणाल्या, एकदाच. तो म्हणाला, फोटोंसकट सात मिनिटं जातात, मॅनेजर मला खिडकीतून खाली फेकेल. त्याला लेखी हुकूम आणा. कारण काय म्हणून त्याने विचारलं नाही. न विचारणं हा त्याचा चांगुलपणा होता की आळस, हे ठरवायला बाईंना वेळ नव्हता.

बुधवारी त्या मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. याला कारण सांगावं लागणार होतं. जिन्यात त्यांनी दोन-तीन कारणं जुळवली होती, नवऱ्याच्या डेपोतला कुणी सिनेमात काम करतो वगैरे. आत गेल्यावर एकही आठवेना, म्हणून खरं तेच सांगितलं. चार वाक्यांत. ज्या गोष्टीला अठ्ठेचाळीस वर्षं लागली ती चार वाक्यांत मावली याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं.

मॅनेजरचे डोळे भरून आले. ते ढोंग नव्हतं. तो उठला, बाईंना खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि त्याच भरल्या डोळ्यांनी प्रसिद्धीवाल्याला फोन लावला.

प्रसिद्धीवाला दहा मिनिटांत हजर. त्याने बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, डिअर, आपण हे इतके दिवस कुठं लपवून ठेवलंत? मग दोघांनी मिळून बाईंचा कार्यक्रम आखला. सुरुवातीला स्टेजवर पुष्पगुच्छ, मध्यंतरात प्रश्नोत्तरं, लॉबीत फलक: 'प्रत्यक्ष साक्षीदार आपल्या भेटीला'. बाई म्हणाल्या, मी कसलीही साक्षीदार नाही, मी तेव्हा आत्याच्या कुशीत होते आणि मला झोप लागली होती. प्रसिद्धीवाला म्हणाला, हेच सांगा, फार सुंदर आहे. बाई म्हणाल्या, स्टेजवर मी येणार नाही आणि फलक लावलात तर उद्या कामावरही येणार नाही.

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: गुरुवारी तीनचा खेळ, हा या सिनेमाचा शेवटचा. प्रतिष्ठित मंडळींना बोलवायचं. बाईंचं नाव घ्यायचं नाही. फक्त, आदर म्हणून सर्वांनी शेवटपर्यंत थांबावं, अशी विनंती मॅनेजर करील आणि पाट्या पुऱ्या चालतील. बदल्यात खेळ सुटल्यावर बाईंनी कॅमेऱ्यासमोर एक मिनिट आपली प्रतिक्रिया द्यायची. वडिलांचा चेहरा पाहून काय वाटलं ते.

"रडू आलं तर आवरू नका," प्रसिद्धीवाल्याने समजावलं. "आणि नाही आलं तर घाई नाही, आपण थांबू."

गुरुवारी हॉल भरला. डॉक्टर, वकील, दोन प्राध्यापक, वाचनालयाची सगळी कमिटी. मॅनेजर काळा कोट घालून आला आणि बोलता बोलता तीनदा 'मानवता' म्हणाला. सिनेमा झाला. हुंदके जागच्या जागी आले, मध्यंतराला मोठे पुडे संपले, एक प्राध्यापक दुसऱ्याला सांगत राहिले की आकडा चार लाखांचा नसून साडेतीनचा आहे, आणि दुसरे मान हलवत राहिले, जणू पन्नास हजार माणसं वाचल्याबद्दल त्यांना हायसं वाटत होतं.

बाई मागच्या दाराशी उभ्या होत्या, नेहमीच्या जागी, बोल्टवर हात. पहिली पाटी आली. हाताला सवयीने हिसका बसला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवला. दिवे लागले नाहीत. ऑपरेटरने शब्द पाळला. पडद्यावर मेलेल्यांची नावं वर सरकू लागली, पांढरी, बारीक, तीन रांगांत.

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. थांबायला सांगितलं होतं, पण थांबून करायचं काय हे कुणी सांगितलं नव्हतं. सिनेमा संपल्यावर बसून राहण्याचा अनुभव या शहरात कुणालाच नव्हता. मिनिटभराने पहिल्या रांगेतले एक वयस्कर वकील हळूच उठले आणि हात बांधून, मान खाली घालून उभे राहिले. त्यांना बघून कमिटी उठली. कमिटी उठल्यावर डॉक्टर कसे बसून राहणार? पाठोपाठ रांगा उठत गेल्या. दोन मिनिटांत झाडून सगळा हॉल श्रद्धांजलीला उभा होता, माना खाली, पडद्याकडे कुणाचंही लक्ष नाही. आणि मागे दाराशी गेटबाईंना दिसत होत्या फक्त पाठी. चारशे सत्तर आदरयुक्त पाठी.

त्या चवड्यांवर उभ्या राहिल्या. डावीकडे सरकल्या, तिथं खांब. उजवीकडे सरकल्या, तिथं एक सहा फुटी डॉक्टर. नावं संपत आली होती. फोटो सुरू झाले असावेत, कारण पाठींच्या वरच्या कडेला उजेड बदलायला लागला. एक गेला. दुसरा गेला.

मग बाईंनी टॉर्च लावली आणि त्या सव्वीस वर्षांच्या आवाजात ओरडल्या, "खाली बसा. सगळे खाली बसा बघू."

हा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. या आवाजाने त्यांना हॉलबाहेर काढलं होतं, खुर्चीवर ठेवलेले पाय खाली घ्यायला लावले होते. त्यांनी विचार केला नाही. चारशे सत्तर खुर्च्या एकदम वाजल्या आणि समोर पडदा मोकळा झाला.

होडीवाल्यांचा फोटो होता. सात जण, ओळीने, पाठीमागे काठावर ओढलेली होडी. कुणाचंही नाव लिहिलेलं नव्हतं. बाईंना नावाची गरज पडली नाही.

आयुष्यभर त्यांना वाटत होतं की बाबा धिप्पाड होते. बाबांच्या खांद्यावर बसलं की नदीचा दुसरा काठ दिसायचा, मोठा माणूस असल्याशिवाय कसा दिसेल? फोटोत बाबा सगळ्यांत बुटके होते. शेजारच्याच्या खांद्यालाही लागत नव्हते. फोटोवाल्याने बहुधा श्वास रोखायला सांगितलं होतं, म्हणून गाल फुगवून, छाती काढून उभे होते, एखाद्या कोंबड्यासारखे. आणि कान. दोन्ही बाजूंना सरळ बाहेर आलेले, उन्हाने आरपार उजळलेले, कपाच्या दांड्यांसारखे कान.

गेटबाई हसल्या. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग हात बाजूला काढून. हसू मावेना. शांत हॉलमध्ये ते हसणं भिंतींना लागून परत येत होतं. माना वळल्या. कुणीतरी शूऽ केलं, मग दहा जणांनी केलं. फोटो गेला, पुढचा आला, बाई हसतच होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण अंधारात पाणी दिसत नाही, हसणं तेवढं ऐकू येतं.

दिवे लागल्यावर कमिटीतल्या एक राखाडी शालवाल्या बाई सरळ त्यांच्याकडे आल्या. रडून नाक लाल झालेलं. म्हणाल्या, "अहो, लाखो माणसं मेली. तुमच्यासारखीला त्याचं काय? निदान गप्प तरी राहायचं."

"हो ना," गेटबाई म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी दार धरून उभ्या राहिल्या. मागून सगळे आले. प्रत्येकाने जाताना बाईंकडे एकदा नीट बघून घेतलं. वकिलांनी मॅनेजरला बाजूला घेऊन, माणसं कामावर ठेवताना जरा संवेदनशीलता बघत चला, असं सुचवलं. मॅनेजर कोटाची बटणं लावत-काढत राहिला. खरं काय ते सांगावं तर नाव न घेण्याचं वचन दिलेलं, आणि न सांगावं तर थिएटरची अब्रू गेलेली.

लॉबीत प्रसिद्धीवाला कॅमेरा लावून तयार होता. त्याने बाईंना पोस्टरसमोर उभं केलं, खांद्यावरची टॉर्चची पट्टी सरळ केली आणि अगदी हळुवार आवाजात विचारलं, तो चेहरा पाहिल्यावर पहिल्यांदा काय वाटलं?

"बुटके होते," बाई म्हणाल्या.

तो थांबला. बाई गेल्या असतील कुठेतरी खोल, येतील वर, अशा बेताने त्याने मान हलवली.

"आणि कान असे." बाईंनी दोन्ही तळवे कानांमागे धरून पुढे वाकवून दाखवले. त्यांना परत हसू फुटलं. "असे. मोठे."

प्रसिद्धीवाल्याने कॅमेरा बंद केला. म्हणाला, डिअर, हे वापरता येणार नाही, लोकांचा गैरसमज होईल. जरा पाणी प्या, शांत व्हा, त्या काळाचा विचार करा, आपण परत घेऊ. दुःखातून घेऊ.

"परत घ्या की," बाई म्हणाल्या. "किती वेळा घेता? मी सांगते." त्यांना खरोखरच सांगायचं होतं, पोस्टरला, कँटीनवाल्याला, समोर येईल त्याला. त्यांनी केस कानांमागे सारले. "असं बघा, माझी लेक आहे, बँकेत असते. शाळेत तिला सगळे चिडवायचे, म्हणून अजूनही ती कानांवरून केस सोडते. तेव्हापासून ती तिच्या बापाला बोल लावतेय, की हे कान तुमच्याकडून आले. आणि तो बिचारा ऐकून घेतो. त्याचे कान चांगले आहेत हो, डोक्याला चिकटलेले, माझ्यासारखेच. त्याच्याकडून कसे येतील? आज घरी गेल्यावर तिला सांगणार आहे मी, कुणाकडून आले ते."